बाबांचं मृत्युपत्र होताना तुम्ही खोलीबाहेर थांबा

तुमची हकिकत आधी इतरांसाठी थोडक्यात मांडते. वडील अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, तब्येत बरी, डोकं शाबूत. कोथरूडचा फ्लॅट १९९६ साली घेतलेला, करारनाम्यावर आई आणि वडील दोघांची नावं. आई २०१९ मध्ये गेल्या, त्यांनी काही लिहून ठेवलेलं नाही. सोसायटीत वडिलांनी तुम्हाला नॉमिनी केलंय. सातारा जिल्ह्यात वडिलोपार्जित शेती आहे, सातबाऱ्यावर वडील, काका आणि आत्या सामाईक. बँकेत ठेवी आहेत. बहीण लग्न होऊन नाशिकला असते. वडिलांच्या मनात फ्लॅट तुम्हाला आणि ठेवी व आईचे दागिने बहिणीला द्यायचंय. तुम्ही विचारता: नॉमिनेशन असताना मृत्युपत्र लागतं का, ते रजिस्टर करावं का, प्रोबेटला (मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला) किती खर्च येतो, की त्यापेक्षा आत्ताच बक्षीसपत्र करून घ्यावं?

चारही प्रश्नांवर लिहिते. पण तुम्ही न विचारलेला प्रश्न या चारांपेक्षा मोठा आहे. वडील जे देऊ म्हणतायत ते सगळं त्यांचं आहे का? तुम्ही दिलेल्या माहितीवरून तरी नाही. कुटुंब हिंदू आहे असं धरून पुढचं लिहिलंय. धर्म वेगळा असेल तर यातलं बरंच बदलेल. करारनाम्यात हिस्से लिहिलेले असतील तर हिशेबही बदलेल, म्हणून तो कागद आधी काढून बघा.

फ्लॅट दोघांच्या नावावर असला आणि हिस्से लिहिलेले नसले की साधारणपणे निम्मा-निम्मा धरतात. आई मृत्युपत्र न करता गेल्या, तेव्हा हिंदू वारसा कायदा, १९५६ च्या कलम १५ प्रमाणे त्यांचा निम्मा हिस्सा नवरा, मुलगा आणि मुलगी यांच्यात सारखा गेला. कोणी अर्ज केला नाही, शेअर सर्टिफिकेटवर नावं चढली नाहीत, तरी गेलाच. वारसा मृत्यूच्या क्षणी लागू होतो, नोंदी मागाहून होतात. निम्म्याचा तिसरा भाग म्हणजे एक षष्ठांश. आज वडिलांचे चार षष्ठांश, तुमचा एक, बहिणीचा एक. उद्या वडिलांनी 'माझा संपूर्ण फ्लॅट मुलास' असं लिहिलं तर बहिणीचा एक षष्ठांश त्या वाक्याने हलत नाही. पुढे कधी फ्लॅट विकायला काढाल तेव्हा घेणाऱ्याचा किंवा कर्ज देणाऱ्या बँकेचा वकील पहिल्याच बैठकीत विचारेल, 'आईच्या हिश्श्याचं काय केलंत?'

यावर मला ठरलेलं उत्तर मिळतं: 'पैसे सगळे बाबांनीच भरले, आईचं नाव नुसतं लावलं होतं.' असेलही. पण ते सिद्ध करायला तुम्हाला बहिणीविरुद्ध कोर्टात उभं राहावं लागेल आणि नवऱ्याने बायकोच्या नावावर घेतलेलं घर बायकोचं नव्हतं असं मांडावं लागेल. या वाटेला जाऊ नका असा माझा स्वच्छ सल्ला आहे.

मग दोन मार्ग उरतात. बहिणीची मनापासून तयारी असेल तर तिने आपल्या एक षष्ठांशाचं हक्कसोडपत्र करून द्यावं. ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवावंच लागतं. नोटरीसमोरचं 'माझी काही हरकत नाही' त्याची जागा घेत नाही. मुद्रांक किती लागेल हे ती कोणाच्या लाभात सोडते आणि मोबदला घेते का, यावर ठरतं. सहीआधी तिला मसुदा तिच्या वकिलाला दाखवायला सांगा, म्हणजे 'मला फसवून सही घेतली' हे पुढे कोणी म्हणणार नाही. ती तयार नसेल तर वडिलांनी फक्त आपल्या हिश्श्यापुरतं लिहावं. मी मसुद्यात असं घालते: 'सदर सदनिकेतील माझा दोन तृतीयांश अविभाज्य हिस्सा, अथवा कायद्याने माझा जो हिस्सा ठरेल तो.' शेवटच्या तुकड्यामुळे पुढे हिशेब बदलला तरी मृत्युपत्र अडत नाही.

दागिन्यांचंही तेच. 'आईचे दागिने बहिणीला' असं वडील मृत्युपत्रात लिहिणार, पण दागिने आईचे होते. त्यांच्यातही वडिलांचा, तुमचा आणि बहिणीचा तिसरा-तिसरा हिस्सा आहे. जंगम वस्तू हातात दिली की देणं पुरं होतं. तेव्हा मृत्युपत्राची वाट कशाला बघता? वडील आणि तुम्ही मिळून ते आत्ताच बहिणीला देऊन टाका, काय काय दिलं त्याची यादी करून तिघांनी सह्या करा. यात कायद्याइतकंच घरातलं शहाणपण आहे. फ्लॅटचा विषय काढण्याआधी हे झालं तर पुढचं बोलणं पुष्कळ सोपं जातं.

शेतीबद्दल तुम्ही एकच शब्द लिहिलाय, 'वडिलोपार्जित'. लोक हा शब्द आजोबांकडून आलेल्या सगळ्या जमिनीला लावतात; कायदा तसा लावत नाही. जमीन आजोबांनी स्वतः घेतलेली असेल आणि ते १९५६ नंतर मृत्युपत्र न करता गेले असतील, तर त्यांच्या मुला-मुलींना आलेला हिस्सा हा ज्याची त्याची स्वतंत्र मालमत्ता ठरतो; वडील तो मृत्युपत्राने कोणालाही देऊ शकतात. पण जमीन पणजोबांच्याही मागून एकत्र कुटुंबाची म्हणून चालत आलेली असेल, तर तुमचा आणि बहिणीचा त्यात जन्मतःच हक्क आहे. बहिणीचा हक्क हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने आला, आणि दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये विनिता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. अशा जमिनीत वडील फक्त आपल्या अविभक्त हिश्श्यापुरतं मृत्युपत्र करू शकतात.

यापैकी कुठलं, हे आजच्या सातबाऱ्यावरून कळत नाही. जुने फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावर नावं बदलल्याच्या नोंदी, काढा. आजोबांचं नाव कोणत्या फेरफाराने लागलं, खरेदीने की वारसाने? वडिलांचं कधी आणि कसं लागलं? काकांशी वाटणी झालीय का, झाली असेल तर नोंदवलेल्या दस्ताने, की तहसीलदारांकडे महसूल संहितेच्या कलम ८५ खाली, की नुसती बांधावर उभं राहून तोंडी? तोंडी वाटणीवर घरातले तीस वर्षं सुखाने कसतात आणि एकाच्या मृत्युपत्राने सगळं पुन्हा उकरलं जातं. आणखी एक धोक्याची सूचना: शेतजमीन शेतकरी नसलेल्या परक्याला मृत्युपत्राने देता येत नाही असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये गुजरातच्या कूळ कायद्यावर ठरवलं, आणि आपल्या कूळ कायद्याचं कलम ६३ त्याच घराण्यातलं आहे. तुमच्या घरात हा प्रश्न नाही, पण सांभाळणाऱ्या गड्याला किंवा एखाद्या संस्थेला जमीन देऊ म्हणणाऱ्यांनी आधी विचारून घ्यावं.

आता नॉमिनेशन. नॉमिनी म्हणजे संस्थेने किंवा बँकेने पहिल्यांदा कोणाच्या हातात द्यायचं तो माणूस. मालक तोच असं नाही. सर्वोच्च न्यायालयाने विम्याच्या पैशांबद्दल हे १९८३ मध्ये सांगितलं, शेअर्सबद्दल डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानी खटल्यात पुन्हा सांगितलं. (विम्यात २०१५ च्या दुरुस्तीनंतर नवरा-बायको, आई-वडील किंवा मुलं नॉमिनी असतील तर चित्र वेगळं आहे, तिथे पॉलिसी बघावी लागते.) गृहनिर्माण संस्थांसाठी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात २०१९ साली कलम १५४ब-१३ आलं. त्यानुसार वारस ठरेपर्यंत नॉमिनीला तात्पुरता सभासद करतात. म्हणजे वडिलांनंतर नॉमिनी म्हणून तुम्हाला सोसायटीत बसता येईल, मेंटेनन्स भरता येईल, सभेला जाता येईल. बहिणीचा वारसाहक्क मात्र जागच्या जागी राहील. मृत्युपत्र नसेल तर वडिलांचे चार षष्ठांश तुम्हा दोघांत निम्मे होतील आणि फ्लॅट बरोब्बर निम्मा तुमचा, निम्मा बहिणीचा होईल. वडिलांच्या मनात ते नाही. म्हणून मृत्युपत्र हवंच.

नॉमिनेशन मात्र रद्द करू नका, ते मृत्युपत्राशी जुळवून घ्या. ठेवी बहिणीला द्यायच्या आहेत तर बँकेत नॉमिनी तिलाच करा. नाहीतर पैसे तुमच्या खात्यात येतील आणि तिला तुमच्याकडे मागावे लागतील. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या ठेवींना चारपर्यंत नॉमिनी लावता येतात, टक्केवारीसकट.

इथवरचं एकत्र बांधते: वडिलांचं नेमकं काय आहे ते कागदांवरून ठरवा, आईच्या हिश्श्याचा निकाल लावा, दागिने देऊन टाका, नॉमिनेशन जुळवा. आता मृत्युपत्राकडे वळू.

कायद्याला लागतं ते अगदी थोडं आहे. भारतीय वारसा कायदा, १९२५ च्या कलम ६३ प्रमाणे करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदार, ज्यांनी प्रत्येकाने त्याला सही करताना पाहिलंय किंवा 'ही माझी सही' हे त्याच्या तोंडून ऐकलंय, आणि मग त्याच्या समोर स्वतः सही केलीय. स्टॅम्प पेपर लागत नाही. नोटरी लागत नाही. साध्या कागदावर, मराठीत, हाताने लिहिलेलं चालतं. वडिलांना इंग्रजी नीट वाचता येत नसेल तर मराठीतच करा. उलटतपासणीत 'यातल्या तिसऱ्या परिच्छेदाचा अर्थ त्यांना कळत होता का' हा प्रश्न आला की इंग्रजी मसुदा गळ्यात येतो.

मृत्युपत्रं मोडतात ती मसुद्यावर फारशी मोडत नाहीत. साक्षीदारांवर मोडतात. एका दाव्यात मी विरुद्ध बाजूला होते. एका म्हाताऱ्या काकांचं मृत्युपत्र, सुबक टाईप केलेलं, दर पानावर सही, 'राजीखुशीने व अक्कलहुशारीने' वगैरे सगळं जागच्या जागी. साक्षीदार धाकट्या मुलाच्या दुकानातला नोकर. मी त्याला विचारलं, तुम्ही आत गेलात तेव्हा कागदावर काकांची सही होती का? 'होती.' काका काय करत होते? 'आतल्या खोलीत झोपले होते.' मग तुम्हाला कागद कोणी दिला? त्याने मालकाकडे बघितलं. पुढे विचारायचं काही उरलंच नव्हतं. त्या म्हाताऱ्या माणसाची इच्छा कदाचित अगदी तीच असेल, पण ती ठरवायला ते मृत्युपत्र आता उपयोगाचं नव्हतं.

म्हणून साक्षीदार निवडताना वेळ घ्या. दोघंही वडिलांपेक्षा वयाने बरेच लहान, जवळपास राहणारे, वडिलांना ओळखणारे, आणि मृत्युपत्रातून ज्यांना काहीही मिळत नाही असे. तुमची बायको नको, तुमचा मेहुणा नको, टायपिंगच्या दुकानातला माणूस तर नकोच. त्यांतला एक फॅमिली डॉक्टर असला तर फार उत्तम. त्याच दिवशीच्या तारखेचं, वडील विचार करण्याच्या स्थितीत असल्याचं प्रमाणपत्रही त्यांच्याकडून घ्या. मृत्युपत्र सिद्ध करताना हयात असलेल्या एका तरी साक्षीदाराला कोर्टात यावं लागतं. आधी हे पुरावा कायद्याच्या कलम ६८ मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६७ मध्ये आहे. वडिलांच्या सकाळच्या फिरण्याच्या गटातले ऐंशीचे दोन मित्र प्रेमाने सही करतील. पण वीस वर्षांनी त्यांना आणायचं कुठून?

आणि आता शीर्षकातला मुद्दा. ज्याला सगळ्यात जास्त मिळणार आहे त्यानेच पुढाकार घेऊन मृत्युपत्र करवलं, ही गोष्ट सर्वोच्च न्यायालय १९५८ च्या वेंकटचल अय्यंगार खटल्यापासून संशयास्पद परिस्थितीत धरत आलंय. तेवढ्याने मृत्युपत्र बाद होत नाही, पण संशय दूर करण्याचं ओझं तुमच्यावर येतं. तुमच्या प्रश्नात 'मी मसुदा करून ठेवलाय, बाबांची फक्त सही घ्यायचीय' असं वाक्य आहे. तो मसुदा बाजूला ठेवा. वकील वडिलांनी निवडावा, फी त्यांच्या खात्यातून जावी, सूचना त्यांनी द्याव्यात. तुम्ही गाडीतून सोडा आणि घ्यायला या. माझ्याकडे असे वडील येतात तेव्हा मी मुलाला बाहेर बसवते आणि वडिलांशी आधी इकडचं तिकडचं बोलते. कुठे नोकरी केली, फ्लॅट घेतला तेव्हा कोथरूड कसं होतं, पेन्शन कुठल्या बँकेत येते, नातवंडं किती. मग विचारते, मुलीला फ्लॅट का नाही? हे सगळं माझ्या हस्ताक्षरात, तारखेसह टिपणवहीत राहतं. बरेच जण दार लागल्यावर मुलासमोर सांगितलेल्यापेक्षा वेगळं काही सांगतात. तुमचे वडीलही सांगतील, ही शक्यता मनाशी धरून चला. मालमत्ता त्यांची आहे.

'मुलीला फ्लॅट का नाही' याचं उत्तर मृत्युपत्रात एका-दोन साध्या वाक्यांत यावं. 'तिच्या लग्नात खर्च केला' हे लिहू नका. ते वाचून बहीण दुखावते आणि कोर्टावर त्याचा काही प्रभाव पडत नाही. 'मुलगा माझ्यासोबत राहतो, त्याला दुसरं घर नाही, मुलीला ठेवी देत आहे' एवढं पुरे. बाकी मसुद्यात दोन गोष्टी हमखास राहून जातात. यात न लिहिलेली उरलेली मालमत्ता कोणाला, आणि ज्याला दिलंय तो वडिलांच्या आधी गेला तर कोणाला. अंमलबजावणीसाठी व्यवस्थापक म्हणून कोणाचं तरी नाव घाला. मोबाईलवर चित्रीकरण करायचं का, असं हल्ली प्रत्येकजण विचारतो. करा, पण कॅमेऱ्यामागून 'बाबा, आता सांगा ना' असा तुमचा आवाज आला तर ते चित्रीकरण समोरचा वकीलच कोर्टात दाखवेल.

रजिस्टर करणं कायद्याने सक्तीचं नाही. मी तरी करायला सांगते. मुद्रांक शुल्क नाही, नोंदणी फी महाराष्ट्रात शंभर रुपये. दुय्यम निबंधकासमोर वडिलांचा फोटो आणि अंगठा होतो, त्यामुळे 'सहीच त्यांची नाही' हा आक्षेप बराचसा बोथट होतो. वडिलांना उठवत नसेल तर अर्ज करून अधिकाऱ्याला घरी बोलावता येतं. पण रजिस्टर झालं म्हणजे शिक्कामोर्तब झालं असं समजू नका. साक्षीदार तरीही लागतोच. आणि नंतर केलेलं बिनरजिस्टर मृत्युपत्र आधीच्या रजिस्टर मृत्युपत्राला मागे टाकतं. म्हणून नवं केलं की 'यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द' हे वाक्य घाला आणि जुनं फाडून टाका.

प्रोबेटवरून पुण्यात विनाकारण घबराट असते. महाराष्ट्रात हिंदूंना ते सक्तीचं होतं ते मृत्युपत्र मुंबई शहरात झालं असेल किंवा तिथल्या स्थावराबद्दल असेल तर; पुण्यात केलेल्या, पुण्या-साताऱ्याच्या मालमत्तेच्या मृत्युपत्राला कधीच नव्हतं. डिसेंबर २०२५ मध्ये तर संसदेने ही सक्ती लावणारं कलम २१३च वगळलं, त्यामुळे मुंबईकरांचीही सुटका झाली. तरी प्रोबेट घेता येतं, आणि भांडण दिसत असेल तर घ्यावंही, कारण त्यानंतर मृत्युपत्राच्या खरेपणावर पुन्हा वाद घालता येत नाही. कोर्ट फी मालमत्तेच्या किमतीवर असते, आपल्याकडे कमाल पंच्याहत्तर हजार. वकिलाची फी वेगळी. बहिणीने हरकत घेतली तर त्याचा दावाच होतो आणि मग वर्षं मोजायची नाहीत. सोसायटीची कमिटी सवयीने प्रोबेट मागेल, तेव्हा लेखी मागणी घ्या आणि त्यावर कायद्याचं बोट ठेवून उत्तर द्या.

(गोव्यातल्या कोणी यातलं काही उचलू नये. तिथे २०१२ चा स्वतंत्र वारसा कायदा आहे. जोडीदाराचा निम्मा हिस्सा आधी बाजूला निघतो आणि मुलं असतील तर उरलेल्या आपल्या वाट्याच्याही निम्म्यावरच मृत्युपत्र चालतं.)

राहिलं बक्षीसपत्र. जवळच्या नात्यात मुद्रांक नाममात्र आहे, म्हणून हल्ली त्याचा सपाटा चाललाय. माझा कल विरुद्ध आहे. बक्षीसपत्र नोंदवल्या क्षणापासून वडील आपल्याच घरात पाहुणे होतात आणि मन बदललं तर परतीची वाट अरुंद असते. ज्येष्ठ नागरिक कायदा, २००७ च्या कलम २३ खाली सांभाळण्याच्या अटीवर दिलेलं घर न सांभाळल्यास परत मिळू शकतं, पण त्यासाठी बापाला उपविभागीय अधिकाऱ्याकडे मुलाविरुद्ध अर्ज घेऊन जावं लागतं. मृत्युपत्र ते शेवटच्या दिवसापर्यंत बदलू शकतात. बक्षीसपत्राला मी हो म्हणते ते वडिलांकडे दुसरं राहतं घर असेल तर, किंवा दिल्यावरही हयातभर राहण्याचा हक्क दस्तातच लिहून ठेवला असेल तर. आणि तेही फक्त त्यांच्या चार षष्ठांशाचं होईल, हे विसरू नका.

वडिलांनी तुम्हाला मुखत्यारपत्र दिलंय असंही ओघात लिहिलंय. ते त्यांच्या निधनाबरोबर संपतं. नंतर त्यावर बँकेतून पैसे काढणं किंवा कुठे सही करणं हा गुन्हा होऊ शकतो, बहिणीच्या संमतीनेसुद्धा करू नका.

मूळ मृत्युपत्र फक्त वडिलांच्या एकट्याच्या नावावर असलेल्या लॉकरमध्ये ठेवू नका. लॉकर उघडायला कागद लागतो आणि कागद लॉकरमध्ये असतो. एक प्रत व्यवस्थापकाकडे द्या. आणि मृत्युपत्र झालंय हे, मजकूर नाही तरी एवढं, वडिलांनी स्वतः बहिणीला फोन करून सांगावं.